गाणाऱ्यासमोरची पेटी आणि तिचे बटण



कल्याणहून नगरकडे जाणारा रस्ता (आता अहिल्यानगर म्हणावयाचे, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच आहे) आळेफाटा आणि बेल्हे मागे टाकून पूर्वेकडे निघाला की आण्याचा घाट लागतो. घाट चढून वर आले की पठार, आणि पठारावर आणे. जुन्नर तालुक्याचे हे पूर्वेचे अंग. तालुक्याच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या बाजूला, पाऊस माणसाला दाराबाहेर पडू देत नाही. आणि इकडे पठारावर आम्ही ढगांकडे बघत बसतो. थंडीच्या दिवसांत इथे रंगदास स्वामींची यात्रा भरते. मोठमोठ्या कढयांतून आमटी शिजते, घराघरांतून भाकरी येतात, आणि आलेला पाहुणा आमटी-भाकरीच्या प्रसादावाचून परत जात नाही. यात्रा म्हटली की भजन आले, कीर्तन आले. आणि आजच्या काळात लाउडस्पीकरही आला.

पण मी आज यात्रेबद्दल बोलणार नाही. मी बोलणार आहे एका बटणाबद्दल. हे बटण एवढेसे, हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडे मोठे. पण ते बिघडले म्हणून आमच्या पठारावरच्या एका वाडीत एका माणसाचे गाणे दोन वर्षे बंद पडले होते.

व्यासपीठावर गाणाऱ्याच्या पायाशी, त्याच्याकडे तोंड करून, एक तिरकी पेटी ठेवलेली तुम्ही पाहिली असेल. लोकांना वाटते, हा जादा स्पीकर असावा. तिला मॉनिटर म्हणतात. मोठे स्पीकर लोकांकडे तोंड करून असतात, गाणाऱ्याकडे त्यांची पाठ असते. त्यातून त्याच्या एका बाजूला पखवाज, मागे वीस-पंचवीस टाळकरी. त्या गदारोळात त्याला स्वतःचा आवाज ऐकूच येत नाही. तो त्याला ऐकू यावा एवढ्याचसाठी ती पेटी. श्रोत्यांचा तिच्याशी काही संबंध नाही. तिच्या पाठीमागे एक बटण असते, त्याच्यावर ‘लेव्हल’ असे लिहिलेले असते. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज किती हवा, ते त्या बटणावर ठरते.

आता तुम्ही म्हणाल, पूर्वी कुठे होत्या अशा पेट्या? बरोबर आहे, नव्हत्या. पण गरज होती. शाहीर पोवाडा म्हणताना एक हात कानाशी नेतो, ते तुम्ही पाहिले आहे ना? पुष्कळांना ती नुसती ऐट वाटते. ती ऐट नाही. तळहाताचा आडोसा केला की स्वतःच्या तोंडचा आवाज कानाकडे वळतो आणि सूर कुठे आहे ते कळते. शाहिराचा हात हाच त्याचा मॉनिटर.

स्वतःचा आवाज ऐकू आला नाही म्हणजे माणूस काय करतो? ओरडतो. ठरवून नव्हे, आपोआप. एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच कर्णवैद्याने १९११ साली ही गोष्ट नोंदवून ठेवली. बोलणाऱ्या माणसाच्या कानांत मोठा गलका सोडला की त्याला न कळत त्याचा आवाज चढतो, आणि गलका थांबवला की खाली येतो. शिक्षकमंडळींना हे सांगायला नको. शेजारच्या वर्गात पाढे सुरू झाले की आपण आपल्या वर्गात किती ओरडतो, ते संध्याकाळी घसाच सांगतो. गाणाऱ्याचे तर दोन तास तसेच चाललेले असते.

आमच्या वाडीच्या भजनी मंडळात चाल म्हणणारे एक बुवा होते, अजून आहेत. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना आवडायचे नाही. वय साठीच्या पुढे, पण आवाज असा, की पहाटेच्या काकड्याला पलीकडच्या वस्तीवर ऐकू जावा. मंडळाने वर्गणी काढून मॉनिटरची पेटी घेतली, ती वर्ष-दोन वर्षे नीट चालली. पुढे बुवांचा आवाज फाटू लागला. भजनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांना बोलता येईना. सूर वर चढे, कधी खाली राही. तरुण पोरे आपापसांत म्हणू लागली, बुवांचे वय झाले. बुवांनाही तेच वाटले. एका सप्ताहानंतर त्यांनी आपल्या जागी दुसऱ्याला उभे केले आणि स्वतः टाळ घेऊन मागच्या रांगेत जाऊन बसले.

पेटी खरखरते, ही तक्रार त्याच सुमाराची. पण पेटीची खरखर आणि बुवांचा घसा यांची कुणी सांगड घातली नाही. मीही घातली नाही, हे आधीच कबूल करतो. मी पेशाने प्राथमिक शिक्षक, आता निवृत्त. रेडिओ दुरुस्तीचा नाद तरुणपणापासून. पेटी माझ्याकडे आली तेव्हा मी बटणाच्या फटीतून साफ करण्याचा फवारा मारला, बटण पाच-पन्नास वेळा इकडे-तिकडे फिरवले, खरखर गेली, पेटी परत दिली. दुसऱ्या की तिसऱ्या भजनात पुन्हा तेच. माझे कुठे चुकले, ते समजण्यासाठी त्या बटणाच्या आत काय असते ते आधी पाहिले पाहिजे.

बाजारात त्याला व्हॉल्यूम कंट्रोल म्हणतात. कारागीर नुसते ‘पॉट’ म्हणतात. मूळ नाव पोटेन्शियोमीटर. आत घोड्याच्या नालाच्या आकाराची कार्बनची पातळ पट्टी असते. पट्टीच्या दोन टोकांना दोन पाय. तिसरा पाय मधला. तो एका स्प्रिंगच्या पात्याला जोडलेला असतो आणि ते पाते पट्टीवर घासत फिरते. विहिरीच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणा. वरच्या टोकाला पुरा आवाज येऊन थांबलेला. खालचे टोक म्हणजे तळ, तिथे आवाज शून्य. मधला पाय म्हणजे पायऱ्यांवर उभा असलेला माणूस. तो वर चढला की आवाज जास्त, खाली उतरला की कमी. एवढेच त्याचे काम. आपल्या आजोबांच्या रेडिओचा कान पिळायचो, त्याच्या आतही हीच कार्बनची पट्टी होती. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १५० गावांतून शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालवली, तेव्हा गावकरी ज्या रेडिओभोवती जमले त्यांच्याही आवाजाच्या बटणाचे काम याच तऱ्हेचे. वस्तू जुनी आहे, साधी आहे. म्हणूनच ती घरी दुरुस्त करता येते.

साधी असली तरी तिच्यावर आपण अन्याय फार करतो. भजनाच्या ठिकाणी बुक्का असतो, गुलाल उधळला जातो, पठारावरची धूळ तर बाराही महिने. ही पूड पट्टीवर जाऊन बसते आणि पाते तिच्यावरून गेले की खर्र होते. तालुक्याच्या पश्चिमेला धुळीऐवजी ओल; तिकडच्या पेट्यांत पितळी भागांवर हिरवट गंज चढतो. म्हणजे एकाच जुन्नर तालुक्यात बटण बिघडण्याच्या दोन तऱ्हा. शिवाय पेटी टेम्पोत आडवी टाकून घाट चढवायची, उतरवताना बटणावर आपटायची, आणि वर स्पीकरचाच हादरा तासन्‌तास. नारायणगावला चैत्रात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, तिथल्या सामानाच्या गाड्या भरताना कधी पाहा. पेट्या कशा चढवतात-उतरवतात ते पाहिले, की त्या टिकतात याचेच नवल वाटते.

तर आता बिघाड ओळखायचा कसा? हत्यार हातात घेण्याआधी कान आणि बोटे वापरा.

पहिल्यांदा हे पाहा, की दोष बटणाचाच आहे काय. माइक बदला. वायर बदला. पेटीला दुसरे भोक असेल तर त्यात वायर घालून बघा. मोबाइलवरचे एखादे गाणे थेट पेटीत सोडा. माझ्याकडे ‘बटण गेले’ म्हणून आलेल्या पेट्यांपैकी पुष्कळ वेळा वायरच्या पिनेतली तार तुटलेली निघाली आहे. वायर हलवली की आवाज जातो-येतो, तर पेटी उघडू नका, पिन उघडा.

वायर चांगली असेल तर बटणाकडे या. फिरवताना खरखर होते आणि फिरवणे थांबवले की आवाज स्वच्छ, तर पट्टीवर घाण आहे किंवा पट्टी झिजली आहे. बटण शून्यावर आणले तरी आवाज पुराच राहतो, कमी होतच नाही, तर तळाकडचा पाय तुटला आहे. विहिरीचा दाखला आठवा, तळाचा आधारच गेला तर माणूस उतरणार कुठे? हा बिघाड सगळ्यांत वाईट, कारण आवाज एकदम चढतो, माइक शिट्टी मारतो, आणि ती शिट्टी गाणाऱ्याच्या कानापासून चार हातांवर असते. अशा वेळी बटणाशी झटापट करू नका. आधी पेटी बंद करा.

आणि तिसरी तऱ्हा. बटण फिरवू नका, नुसते बोटाने एका बाजूला दाबा, किंवा पेटीवर हलकी थाप मारा. तेवढ्याने आवाज गेला किंवा आला, तर दोष पट्टीचा नसून सांध्याचा आहे. मी बुवांच्या पेटीला पहिल्या वेळी ही परीक्षा केलीच नाही. फिरवून पाहिले, खरखर ऐकली, आणि औषध दिले. गावठी वैद्याने ताप म्हटला की काढा द्यावा, तसे. फवाऱ्याने धूळ गेली. पण धूळ हा तिथला धाकटा आजार होता.

दुसऱ्या खेपेला मी पेटी उघडली. उघडण्याबद्दल जे सांगतो, ते नीट ऐका. शिक्षकांनी मुलांसमोर हा प्रयोग करावयाचा असेल तर दोनदा ऐका.

नुसती कळ बंद करून भागत नाही. पिन भिंतीतून काढायची आणि डोळ्यांसमोर ठेवायची. ज्या पेटीत अँप्लिफायर आतच असतो, तिच्या आत वीज साठवणारे कपॅसिटर असतात. घरातली वीज २३० व्होल्टची. आजकालच्या पेट्यांत ती सरळ करून साठवली की सुमारे ३२५ व्होल्ट होते, आणि पिन काढल्यावरही ती काही वेळ तशीच राहू शकते. दहा-पंधरा मिनिटे थांबा. मग मल्टिमीटरने मोजा, आणि आकडा अगदी खाली आल्याशिवाय आत बोट घालू नका. काही लोक स्क्रू ड्रायव्हर आडवा टेकवून ठिणगी काढतात आणि त्याला शौर्य समजतात. त्याने भागही जळतो आणि कधी डोळाही जातो. वीज मोजता येत नसेल, तर पेटी जाणत्या माणसाकडे न्या. त्यात कमीपणा नाही. शाळेतल्या मुलांनी हात लावायचा तो फक्त बाहेर काढलेल्या सुट्या पॉटला. त्याला कसलीच वीज नसते, आणि शिकण्यासारखे सगळे त्यातच असते.

पेटीची पाठ उघडण्यापूर्वी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा. कुठली तार कुठे, हे लक्षात राहते असे सगळ्यांना वाटते. कुणाच्याही राहत नाही.

बुवांच्या पेटीत मला काय दिसले? बटण पत्र्याच्या पाठीतून बाहेर येते, तिथे त्याला एक नट असतो. तो नट सैल झाला होता. ही बारीक गोष्ट वाटते, पण सगळे तिच्यात होते. नट घट्ट असला म्हणजे बटणावर बसलेला धक्का पत्रा सोसतो. नट सैल झाला की तोच धक्का आतल्या पायांवर जातो. ते पाय छापील सर्किटच्या पाटीवर सोल्डरने, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात डाख देऊन, जोडलेले असतात. डाख विजेसाठी असतो. ओझे उचलण्यासाठी नव्हे. भांड्याचा कान नुसत्या डाखावर ठेवून कुणी हंडा उचलत नाही. त्या पेटीत मधल्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर पडली होती. भिंग धरल्याशिवाय ती दिसेना. पखवाजाची थाप मोठी पडली की पेटी हादरायची, चीर उघडायची, बुवांच्या कानांतला आवाज जायचा, पुन्हा यायचा. समोर बसलेल्या लोकांना यातले काही ऐकू येत नव्हते, कारण मोठे स्पीकर चांगले होते. त्यांना फक्त बुवांचा आवाज फाटलेला ऐकू येई.

अशी चीर असेल तर उपाय सोपा. जुना डाख काढा, पाय खरडून स्वच्छ करा, आणि राळेची वात असलेल्या सोल्डरच्या तारेने नवा डाख द्या. साधारण २५ वॅटची इस्त्री (कारागीर सोल्डरिंग आयर्नला इस्त्रीच म्हणतात) पुरते. आधी पाय आणि पाटी दोन्ही तापवायची, मग त्यांना तार लावायची. तार इस्त्रीवर वितळवून गोळा चिकटवला तर तो सांधा दिसतो चांगला आणि टिकत नाही. चांगला डाख चकाकतो आणि पायाला बिलगून उतरता बसतो. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते, म्हणून काम झाल्यावर हात धुवा, मगच भाकरीला बसा. खिडकी उघडी ठेवा. आणि नट आवळायला विसरू नका, नाहीतर सहा महिन्यांनी हेच भाषण पुन्हा ऐकावे लागेल.

पण सांधा चांगला असून पट्टीच गेलेली असेल तर? तर पॉट बाहेर काढून मल्टिमीटरवर तपासा. जागेवर असताना मोजले तर आसपासचे भाग आकडा फसवतात. दोन टोकांच्या पायांमध्ये जो आकडा येईल तो त्या पॉटवर छापलेल्या आकड्याच्या जवळपास असला पाहिजे. दहा किलोओहमचा पॉट असेल तर नऊ ते अकरा आला तरी हरकत नाही. मग एक काटा मधल्या पायाला, दुसरा टोकाला लावून बटण सावकाश फिरवा. आकडा जिना चढावा तसा चढला पाहिजे. मध्येच उडी मारली, किंवा वाटच तुटली, तर तिथे कार्बन उरलेला नाही. यासाठी जुना काट्याचा मीटर फार चांगला. आकड्यांच्या मीटरवर उडी निसटून जाते. काटा थरथरला की मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी शाळेच्या कपाटातला तसा मीटर मोडीत काढला नसेल तर जपून ठेवावा.

नुसती घाण असेल तर साफ करण्याचा फवारा चालतो. थोडा मारा, बटण तीस-चाळीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवा, आणि पुरते वाळू द्या, मगच वीज लावा. रॉकेल नको, पेट्रोल तर नकोच नको, आणि खोबरेल तेल घालणारेही मी पाहिले आहेत. तेलाने खरखर दोन दिवस थांबते आणि तिसऱ्या दिवसापासून सगळा बुक्का तिथे चिकटून बसतो. झिजलेला कार्बन मात्र कुठल्याच फवाऱ्याने परत येत नाही. तिथे नवा पॉट हाच उपाय.

तो आणताना जुना खिशात घालून न्या. पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या बाजूला, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, आणि आता घरबसल्या टपालानेही हे भाग मिळतात. किंमत भजनानंतरच्या चहापेक्षा फार नाही. पण दुकानदाराला ‘एक व्हॉल्यूम द्या’ एवढेच सांगू नका. आकडा तोच हवा, पाय तितकेच आणि तेवढ्याच अंतरावर हवेत, दांडी तशीच हवी: कुठे दातेरी असते, कुठे एका बाजूने चपटी. आणि जे बहुतेक लोक विसरतात ते अक्षर. आकड्यापुढे किंवा मागे ए किंवा बी असे अक्षर असते. आपल्या बाजारात येणाऱ्या मालावर ‘बी’ म्हणजे समान चढणारा. ‘ए’ म्हणजे आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने चढणारा. हा फरक कशाला? कारण आपला कान विचित्र आहे. आवाज दुप्पट मोठा वाटावा असे हवे असेल, तर स्पीकरला दुप्पट नव्हे, सुमारे दहापट शक्ती द्यावी लागते. तेव्हा कानाला समान चढ वाटावा म्हणून पट्टीच असमान करतात. ‘ए’च्या जागी ‘बी’ बसवला तर पेटी चालते, पण पहिल्या चतुर्थांशातच सगळा आवाज येऊन बसतो आणि पुढे बटण फिरवून काही उपयोग वाटत नाही. जुन्या काही युरोपीय मालावर अक्षरांचा अर्थ वेगळा असे, म्हणून मी अक्षरापेक्षा मीटरवर भरवसा ठेवतो. बटण बरोबर मध्यावर आणून मोजा. एकूण आकड्याच्या निम्मे आले तर समान; दहा-पंधरा टक्केच आले तर दुसरा.

एक अपवाद सांगतो, नाहीतर कुणाची तरी पेटी जाळल्याचे पाप मला लागायचे. काही पेट्यांत अँप्लिफायर नसतो, तो बाहेर असतो आणि पेटीत नुसता स्पीकर. अशा पेटीवर बटण असेल तर त्यातून स्पीकरची सगळी शक्ती जाते. ते कार्बनचे नसते, तारेच्या वेटोळ्याचे असते आणि चांगले जाडजूड असते. त्याच्या जागी आपला साधा पॉट बसवला तर पहिल्याच अभंगाला धूर निघेल. तिथे तितक्याच ओहमचे आणि तितक्याच वॅटचेच बटण पाहिजे.

आणि नवा पॉट बसवूनही खरखर राहिली तर? असे होते. मग दोष पॉटचा नसतो. त्याच्या आधीचा एखादा कपॅसिटर गळका झालेला असतो आणि पट्टीवर नको ती वीज येऊन बसते; पाते फिरले की ती खरखरते. हे चालू पेटीत मोजावे लागते, म्हणून ते काम कारागिराचे. पण ही शक्यता तुम्ही त्याच्या कानावर घातलीत, तर तो तिसरा पॉट बसवत बसणार नाही.

दुरुस्तीशी याचा थेट संबंध नाही, पण पेटीशी आहे, म्हणून सांगून टाकतो. पेटीतून ‘हूंऽऽ’ असा आवाज येतो म्हणून पिनेचा तिसरा, जाड पाय तोडून टाकण्याची रीत फार बोकाळली आहे. तो अर्थिंगचा पाय. तो तोडला की हूं बंद होतो हे खरे. पण आत कुठे वीज पत्र्याला लागली तर ती जमिनीत जायचा रस्ताच बंद होतो, आणि मग ती रस्ता शोधते तो माइकला ओठ लावलेल्या माणसातून. पावसाळ्यात ओल्या सतरंजीवर अनवाणी उभा असलेला कीर्तनकार तुमच्या डोळ्यांसमोर येतो आहे ना? हूं घालवायचा तर सगळी यंत्रे एकाच बोर्डावर, चांगल्या अर्थिंगवर घ्या. पाय तोडू नका. कुणी तोडला असेल तर आजच्या आज पिन बदला.

तर, बुवांची पेटी. डाख दिला, नट आवळला. पॉटही बदलून टाकला, कारण उघडलेच आहे तर नवा घालावा असा विचार केला. बटणाच्या दोन्ही बाजूंना सुताराकडून लाकडाच्या दोन पट्ट्या ठोकून घेतल्या, म्हणजे पेटी आपटली तर लाकूड आपटेल, बटण नव्हे. सगळा खर्च नव्या पेटीच्या किमतीपुढे सांगण्यासारखा नाही. मंडळ नवी पेटी घ्यायच्या बेतात होते. त्यासाठीच्या वर्गणीची वहीदेखील निघाली होती.

पेटी देवळात नेऊन ठेवली आणि बुवांना निरोप धाडला. ते यायला तयार नव्हते. म्हणाले, “गुरुजी, आता कशाला? पोरं म्हणतात की चांगलं.” मी म्हणालो, “बुवा, गाऊ नका. नुसतं बसा आणि पेटी कशी झालीय ते सांगा. मला गाण्यातलं कळत नाही.” हे खोटे नव्हते. तेव्हा आले. पखवाजवाला मुद्दाम बोलावून ठेवला होता, टाळकरीही चार जमले. बुवा पेटीसमोर बसले, एकदा खाकरले आणि बसल्या बसल्या नुसता आकार लावला. मग रूपाच्या अभंगाला सुरुवात केली. पखवाज भरात आला, टाळ वाढले. मी बटणावर हात ठेवून बसलो होतो. दोन कडवी झाली. बुवांचा आवाज चढला नव्हता. ते बोलताना बोलतात त्याच्या थोडा वर, एवढ्यातच गात होते, आणि देवळाच्या दाराशी उभ्या असलेल्या बायकांपर्यंत शब्द न्‌ शब्द पोचत होता.

कडवे संपवून त्यांनी हात वर केला. पखवाज थांबला. बुवांनी मान जरा तिरकी करून पेटीकडे पाहिले आणि मला म्हणाले, “गुरुजी, थोडा कमी करा.”

मी बटण मागे घेतले. खर्र झाले नाही.